पडवीतली नुरा

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी गुडघा धरला. गोळी घेतली, कोणती ते घेतल्यावर पाहिलं, बीपीची निघाली. म्हणजे आज ती दोनदा गेली की काय? हिला विचारलं तर म्हणते, "मी काय तुमच्या गोळ्यांच्या राखणीला बसलेय?"

दुपारी निलेशने मोबाईल टीव्हीला जोडून दिला. म्हणाला, "तात्या, तुमच्या जुन्या फ्रीस्टाईल कुस्त्या हायत बगा सगळ्या." सगळ्या नव्हत्या, पण लाल दाढी आणि मास्तरची होती. खोपोलीला पाळी सुटली की व्हिडिओवाल्याकडे बसून पाहायचो तीच. त्या लोकांची इंग्रजी नावं आम्हाला धड घेता यायची नाहीत, म्हणून आम्ही कारखान्यातल्यांनी आपली नावं ठेवलेली. मास्तर सरळ, ताठ, लढायच्या आधी समोरच्याचा हात हातात घेणार. लाल दाढी पक्का हलकट. पंचाची पाठ वळली की डोळ्यात बोटं. मी त्याला जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या सुपरवायझरलाही दिल्या नसतील.

चित्र पुसट आहे, मध्येच रेघा येतात. तरी मास्तरने त्याला डोक्यावर उचलला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. गुडघा विसरलो.

पण धाकटा आज एवढा प्रेमात का? सुट्टीच्या दिवशी हा घरी सापडत नाही. आज अख्खी दुपार माझ्याजवळ बसला, चहासुद्धा आणून दिला. काहीतरी हवं असणार.

११ फेब्रु.
निलेशने हळू करायचं बटण दाखवून ठेवलंय. नसतं दाखवलं तर बरं झालं असतं.

लाल दाढीने मास्तरची मान बगलेत धरलीय. आम्हाला तेव्हा वाटायचं, आता मोडली. हळू करून पाहिलं तर लाल दाढीचं तोंड मास्तरच्या कानाशी आहे आणि ओठ हलतायत. बोलतोय तो! मास्तर मान हलवतो. मग लगेच मास्तर त्याला पाठीवरून फेकतो. म्हणजे "आता मला फेक" असं तोच सांगतोय.

ठोसा पण पाहिला. मूठ कानाजवळून जाते. आवाज येतो तो पायाचा, ठोसा मारताना फळ्यांवर जोरात पाय आपटतो त्याचा.

पुन्हा पुन्हा पाहिलं. कोणाला सांगायचं नाही. कारखान्यातला गणपत तेव्हाच सांगायचा, "नुरा हाय रं, आदीच ठरलेली हाय." त्यावरून आमचे डबे वेगळे झाले होते.

दुपारचं जेवण गेलं नाही. ही म्हणाली, ॲसिडिटी. तिला ॲसिडिटीच दिसते.

१३ फेब्रु.
आज घरात भांडण.

थोरला रघू भट्टीवरून टेंपो घेऊन आला. अंगभर विटांची लाल धूळ, हातपाय न धुताच पडवीत उभा. निलेश माझ्यासमोर बसलेला. रघू तिथूनच ओरडला, "सांग ना तात्यांना! कोणाला फिरवतोस गाडीवर ते सांग!"

निलेश खाली बघत बसला. मग बाहेर आलं ते असं: त्याच्या कंपनीत स्टोअरला स्नेहल म्हणून मुलगी आहे, खोपोलीची. तिचं एक लग्न होऊन मोडलेलं. निलेशला तिच्याशीच करायचंय.

रघू म्हणाला, "दुसरेपणाची आणायची या घरात? लोकं शेण घालतील तोंडात! मी जिता हाय तवर ती हा उंबरा नाय चढायची."

मला रघूचा हा आवाज कधीच सोसला नाही. लहानपणापासून. घरात मालक कोण, हा का मी? मी म्हणालो, "मोडलं लगीन तर पोरीनं काय पाप केलं? तू कोण सांगणार? निलेशचं लगीन मी उभा राहून लावीन, बघू कोण आडवा येतो."

रघूने बादली लाथेने उडवली आणि गेला. त्याची बायको वंदना छोट्या चिमीला घेऊन आत. ही तेव्हा नव्हतीच, कोंबड्या कोंडायला परसात गेली होती.

बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणीतरी गप्प झालं.

१४ फेब्रु.
पहाटे जाग आली ती एकदम. मला फेकलंय.

नीट लिहून काढतो. निलेश सरळ माझ्याकडे येऊन म्हणाला असता, तात्या, अशी अशी मुलगी आहे, तर मी काय म्हणालो असतो? नाही म्हणालो असतो. जे रघू बोलला तेच बोललो असतो, शब्दनशब्द. लोकं, शेण, उंबरा, सगळं. हे मला ठाऊक आहे आणि या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रघू बोलला म्हणून मी उलटं बोललो. माझ्या तोंडातून काढून घेतलं!

आता बादली. पडवीत दोन होत्या. एक भरलेली, एक रिकामी. रघूने रिकामी उडवली. चिडलेला माणूस बादली निवडतो का?

आणि ही. कोंबड्या ती दिवेलागणीच्या आत कोंडते. काल केव्हाचे दिवे लागलेले. पंचाची पाठ बरोबर वेळेला वळते, ते मी परवाच पाहिलं.

विचारलं. "काल कोंबड्यांना एवढा उशीर?"
"तांबडी झाडावर चढलेली."
तांबडी खुडूक बसलीय. ती टोपलीतून दाणे खायला उठत नाही, झाडावर काय चढते!

१७ फेब्रु.
रघू माझ्याशी बोलत नाही. निलेश फार बोलतो. दोन्ही संशयास्पद.

निलेश म्हणाला, "तात्या, तुमी सोता शब्द दिलाव, उभा राहून लावीन म्हनून. मंग त्यांना बोलवू का रविवारी?" आता मागे कसा फिरू? आणि फिरलो तर रघूचं ऐकलं असं होणार. दोन्हीकडून मान बगलेत.

गणपतला फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं, मला ओरडावं लागलं. मी म्हणालो, ते कुस्तीवाले नुरा करायचे रे, मी पाहिलं. तर हसतच सुटला. "आता कळलं व्हय रं तुला? म्हातारा झाला नि कळलं!" मग म्हणाला, "पन मी रोज येयाचो ना बगायला? ठरलेली असली तरी त्यांनी काय कमी मार खाल्ला?" घरातलं त्याला काही सांगितलं नाही. खोपोलीभर करेल.

२० फेब्रु.
दुसरी कुस्ती मिळाली, तेच दोघे, आणखी जुनी. लाल दाढी मास्तरला डोक्यावर आपटतो ती. तेव्हा व्हिडिओवाल्याच्या खोलीत लोक उभे राहिले होते. हळू करून पाहिली. आपटायच्या क्षणाला लाल दाढीचा पंजा मास्तरच्या मानेखाली आहे. स्वतः गुडघ्यांवर पडतो तो, सगळा भार स्वतःच्या गुडघ्यांवर घेतो आणि मास्तरची मान जमिनीला लागू देत नाही. मग उठून लोकांना जीभ दाखवतो आणि लोक त्याच्यावर थुंकतात.

टीव्ही बंद केला.

रघू बाहेर टेंपो धूत होता. पाठमोरा.

२३ फेब्रु., रविवार
ती मंडळी आली. स्नेहल, तिची आई, एक मामा. पोरगी सावळी, उंच, उगाच लाजत नाही. पोहे खाता खाता मला म्हणते, "तात्या, तुमी कुस्त्या बगता ना? आमचे बाबा पन बगायचे. टीव्हीला लाथ मारायचे रागात."
कोणीतरी पढवलं असणार तिला. पण टीव्हीला लाथ मारल्याचं कोणी पढवून सांगेल का? माझा तर हात सुटायचा, शेजारच्याच्या पाठीत.

आवडली. लिहिलं ते लिहिलं.

साखरपुडा ९ मार्चला धरला, आमच्याकडेच, दहिवलीला. मामाने विचारलं, "मोठे भाऊ दिसत नाय?" ही पटकन म्हणाली, "भाडं होतं त्याला." भाडं नव्हतं. टेंपो मागच्या बाजूला उभा होता, मी पाहिला. आता हे त्याचं रुसणं खरं की रुसायचं ठरलेलं?

२६ फेब्रु. महाशिवरात्र
उपास. रताळी.

मागे मोरीकडे गेलो तर दोघे भाऊ टेंपोचं तोंड उघडून आत वाकलेले. डोक्याला डोकं. कुजबुज. रघू हसला, मी ऐकलं. मी खाकरलो. लगेच रघू मोठ्याने, "जॅक धर रं नीट!" जॅक कुठेच नव्हता. तो पडवीत माझ्या खुर्चीखाली आहे, गेल्या आठवड्यापासून मला ठेचा लागतायत.

म्हणजे पुढची कुस्ती ठरली. कशावरून असेल? बहुतेक माडीवरच्या खोलीवरून. निलेशला लग्नानंतर खोली लागणार. रघू नाही म्हणणार, मी चिडणार, मी खोली देणार.

या वेळी मी फसणार नाही. या वेळी मी मजा बघणार.

१ मार्च
जमेल तसं लिहितो.

संध्याकाळी झालं. खोलीवरूनच, मी म्हणालो होतो तसं. रघू म्हणाला, खोलीत चिमी झोपते, ती कुठे जाणार. निलेश म्हणाला, खाली जागा आहे. रघूचा आवाज चढला. मी खुर्ची नीट सरकवून बसलो. मनात म्हणालो, चला, घंटा वाजली.

रघू म्हणाला, "मी शाळा सोडून विटा उचलल्या म्हनून तू शिकलास रं. इसरलास?"
निलेश म्हणाला, "तुला कोनी सांगितलं व्हतं? मी आलेलो तुझ्या पाया पडायला?"

मग रघूने त्याची कॉलर धरली. निलेशने ढकललं. रघू तोल जाऊन वळला आणि दाराच्या चौकटीला कपाळ लागलं, आवाज झाला. मी पाय बघत होतो. पाय आपटला का ते. मला वाटलं आपटला. रघूच्या भुवईवरून रक्त आलं. मला वाटलं, वा, हेसुद्धा! आणि मी टाळ्या वाजवल्या. म्हणालो, "बास करा, बास. कळली मला तुमची नुरा."

रघूने बाहीने रक्त पुसलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हसेल. हसला नाही. आत गेला, वंदनाला म्हणाला, "चल." पिशव्या भरल्या. वंदना रडत होती, तोंडाला पदर लावून, म्हणजे तोंड दिसलं नाही. टेंपोत बसताना चिमीने विचारलं, "आजोबा, तुमी टाळ्या का वाजवल्याव?"

खालापूरला गेले, वंदनाच्या माहेरी.

ही पळी हातात घेऊन दारात उभी होती. पूर्ण वेळ. ती या वेळी कोंबड्यांकडे गेली नव्हती. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

२ मार्च
सकाळी पडवी झाडली. मीच. ही म्हणाली, आज काय अंगात आलंय. मी ब्लेड शोधत होतो. ते कुस्तीवाले हाताच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवायचे आणि कपाळाला ओढायचे, रक्त दिसावं म्हणून. हे आता मोबाईलवर सगळे सांगतात.

ब्लेड सापडलं. चौकटीच्या जवळच, भिंतीच्या फटीत. पण मी रोज तिथंच दाढी करतो.

चौकटीवर डाग आहे. बोट लावून पाहिलं. विटांचा आहे की रक्ताचा, कळत नाही.

निलेश जेवला नाही. त्याला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग. पयली नुरा व्हती ना?"
म्हणाला, "व्हती, तात्या. दादाचीच आयडिया. म्हनाला, मी वाईट होतो, तू गप बस."
"आणि कालची?"
गाडीला किक मारली आणि गेला. त्याच्या गाडीला बटण आहे, किक मारायची गरज नाही.

४ मार्च
दादाची आयडिया. मी वाईट होतो, तू गप बस. हे डोक्यातून जात नाही.

काल दिवसभर कुस्ती लावली, हळू, अजून हळू. एका ठिकाणी मास्तरचा ठोसा खरंच लागलाय असं वाटतं. लाल दाढीचे डोळे बदलतात. त्यानंतर तो पाय आपटत नाही, बोलत नाही, सरळ मारतो. मग पुन्हा पाहिलं की वाटतं, तेही ठरलेलं. चित्र हळू केल्याने दिसतं जास्त आणि कळतं कमी.

ही आली आणि टीव्हीची पिन काढली. "जा नि आना त्याला."
मी म्हणालो, "तू पण सामील होतीस."
"व्हते. मंग? तुमाला सरळ सांगून कवा काय कळलंय?"
"आणि परवाची?"
"परवा मी कुटं गेलते का? हितंच उभी व्हते ना?"
बरोबर आहे. पण सामील असती तरी हेच म्हणाली असती. बोललो नाही. बोललो असतो तर पळी माझ्या कपाळाला लागली असती आणि ती मात्र खरी.

समजा मी गेलो आणि ही नुरा निघाली, तर सगळे मिळून मला हसतील. म्हाताऱ्याला पुन्हा फेकला. समजा मी नाही गेलो आणि

६ मार्च
गेलो. एसटीने चौकपर्यंत, तिथून रिक्षाने खालापूर. ऊन फार, बाटली घरी विसरलो. खिडकीत बसून काय बोलायचं ते जुळवत होतो, उतरलो तेव्हा सगळं गेलं.

रघू व्याह्यांच्या अंगणात टेंपोचं चाक खोलून बसलेला. कपाळाला पांढरी पट्टी. मला बघून उठला नाही. वंदनाने खुर्ची आणली, पाणी आणलं. व्याही भला माणूस, म्हणाला, "बसा, मी जरा मळ्याकडं जाऊन येतो." हाही पाठ वळवून गेला. आता कोणाचीही पाठ वळली की मला धस्स होतं.

रघू नट पिळत होता. म्हणाला, "तात्या, बोलवायला आलाव का बगायला?"

मी म्हणालो, "बोलवायला." पण त्याआधी माझी नजर पट्टीकडे गेली होती आणि त्याने ती पकडली.

त्याने पट्टी सोडली. "बगा. जवळनं बगा, चष्मा लावून बगा."

चष्मा लावला मी. काय सांगू. लावला. टाके होते, कडा काळ्यानिळ्या, सुजलेल्या. बघून झाल्यावर कळलं की बघायला नको होतं. आणि बघूनही काय कळलं? रक्त त्या लोकांचंही खरंच असायचं.

म्हणालो, "रविवारी साखरपुडा हाय. तू मोठा. तू पायजेस."
"मी नसलो तर काय अडतंय? तुमी उभं राहून लावनार ना?"
"रघू, पयली तू माझ्यासमोर वाईट झालास, त्याच्यासाठी. मला कळलं ते."
तो थांबला. पान्हा हातात तसाच. "कळलं ना? मंग दुसरीच्या वक्ताला टाळ्या कशाला?"

म्हणालो, मला वाटलं... चिमी माझ्या मांडीवर येऊन बसली तेवढं बरं झालं.

निघताना "येशील का?" विचारलं. म्हणाला, "चाक बसलं तर बगू." वंदना नाक्यापर्यंत सोडायला आली. तिला विचारलं, चाकाला काय झालंय? म्हणाली, "कायबी नाय झालं, तात्या. कालपास्नं खोलतात नि बसवतात."

७ मार्च
निलेशला सांगितलं, तू जा. म्हणाला, "मी कसं जाऊ, तात्या? मी बोललो ते." पहिल्यांदा त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. एवढा कसलेला नाही तो. किंवा असेल.

तरी मी म्हणालो, जा. गेला की नाही माहीत नाही. कंपनीचा युनिफॉर्म घालून निघाला.

८ मार्च
नळाला पाणी नाही. मंडपवाला आला. फोन नाही. दोनदा फोन चालू आहे का ते बघितलं.

९ मार्च, रविवार
झाला.

सकाळपासून रस्त्याकडे कान. आमच्या वळणावर सगळेच टेंपो हॉर्न देतात, त्यामुळे प्रत्येक वेळेला उठायचं आणि बसायचं. गुडघ्याची वाट लागली. निलेश नव्या कपड्यात, पण त्याचाही डोळा रस्त्याकडेच. ते मी पाहिलं. त्याने मला पाहताना पाहिलं. दोघांनी मान फिरवली.

स्नेहलकडची मंडळी आली. मामाने पुन्हा तेच विचारलं, सगळ्यांसमोर. "मोठे भाऊ कुटं? आजबी भाडं काय?" लोक हसले. ही माझ्याकडे बघत होती. निलेश माझ्याकडे बघत होता. या वेळी कोणी माझ्या ऐवजी बोललं नाही.

मी म्हणालो, "तो माझ्यावर रागावलाय. चूक माझी हाय. येईल." येईल हे कशावरून म्हणालो, देव जाणे. भर मांडवात असं बोललो म्हणून विहीणबाई चमकल्या असतील. असू दे. स्नेहल उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

त्याच्यासाठी तासभर थांबवलं. भटजी घड्याळ दाखवायला लागले. मग केला. अंगठी घालताना निलेशचा हात नीट चालेना, पोरीनेच धरला. फोटोत मी रस्त्याकडेच बघतोय असं आत्ता दाखवत होते.

आता सगळे गेले. मंडपवाला खुर्च्या भरतोय. ही स्वयंपाकघरात ताटं वाढून झाकून ठेवतेय. दोन मोठी, एक लहान. मी विचारलं, "कोणासाठी?"

म्हणाली, "तुमाला ठावं."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, चष्मा लावून. हिला फोन आलाय का? की नुसतीच आई आहे म्हणून वाढतेय? काही कळेना. तिने ताटावर ताट उपडं घातलं आणि मला म्हणाली, "आता बसू नका हितं. पडवीतला दिवा लावा, अंधारात चौकट लागते डोक्याला."

लावला. बसलोय.